वाळवंटात नेलेलं जाळं

करडी

"रेती पाहाले इतक्या दूर कायले जाता? आपल्या वैनगंगेत का कमी आहे?" निघायच्या आधी निम्म्या करडीनं आम्हाला हे विचारलं. उरलेल्या निम्म्या गावाला वाटलं, आम्ही तीर्थयात्रेला निघालो आहोत. त्यांनी येताना प्रसाद आणायला सांगितला.

करडी माझं माहेर. लग्नानंतर मी तुमसरला आले आणि घरातच शिवणाचा वर्ग काढला. माझे यजमान प्रभाकरराव नाकाडोंगरीकडच्या एका मँगनीज खाणीत फिटर होते. ऐंशी साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. खाणीची जुनी अ‍ॅम्बुलन्स लिलावात निघाली आणि ह्यांनी ती मला न विचारता घरी आणली. दारात ती पांढरी गाडी पाहून शेजारच्या बायका "कोनाले काय झालं वो?" म्हणत धावत आल्या. मला काही झालं नव्हतं, पण त्या क्षणी ह्यांना काहीतरी व्हावं असं मात्र मला मनापासून वाटलं.

ह्यांचं म्हणणं असं, की या गाडीत झोपायला दोन फळ्या आयत्याच आहेत. स्टोव्ह ठेवला, पाण्याचे डबे ठेवले की झालं घर. दोन महिने ह्यांनी तिच्याखाली झोपून काढले. मी पडदे शिवले, गाद्यांना खोळी केल्या, मागच्या दाराला जोडायला ताडपत्रीचा मांडव शिवला. बाहेरून तिला पिवळा रंग दिला. पण ऊन पडलं की त्या रंगातून लाल फुली उमटून दिसायची, ती काही शेवटपर्यंत गेली नाही. म्हणून गाडीचं नाव पडलं 'सिस्टर'.

वाळवंटात जायचं डोकं मात्र देवाजीचं. देवाजी माझ्या माहेरचा, माझ्या बरोबरीनं शाळेत होता. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या करडीच्या तलावात जाळं टाकणारं. लग्नानंतर त्याची माझ्यापेक्षा ह्यांच्याशीच जास्त गट्टी जमली. एकदा तलावाच्या पाळीवर बसलो असताना तो म्हणाला, "बाई, मी जनमलो तेव्हापासून पान्यातच उभा आहो. जेथी पानीच नाही तेथी मानूस कसा जगते, हे मले एक डाव पाहाचं आहे." त्याची बायको यशोदा म्हणाली, "अंगनातली इहीर आटू द्या, घरीच दिसन." पण तीच सगळ्यांच्या आधी गाठोडं बांधून तयार झाली.

पौष लागला. धान घरात आलं होतं. सिस्टरमध्ये तांदळाचं पोतं, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि सुक्या मासोळ्या चढल्या. मासोळ्यांचा वास पुढं महिनाभर माझ्या पडद्यांना सोडून गेला नाही. आता कांदे, बटाटे, कपडे ठेवायचे कुठं? देवाजीनं घरून एक जाळं आणलं आणि छताला चार खिळ्यांना टांगलं. त्यात सगळं सामान मावलं.

हे जाळं देवाजीच्या वडिलांनी, गणपतबुवांनी, स्वतःच्या हातानं विणलेलं होतं. म्हातारा पाळीवरून काठी टेकत आमच्या गाडीपर्यंत आला. आत डोकावून त्यानं जाळ्यातले कांदे पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "जाळ्यात कांदे भरतेत का रे?" म्हणाला. मग देवाजीला बजावलं, "वापस आनजो. तू एखाद्या डाव राहिला त चालन, जाळं वापस आनजो." सगळे हसले. तो हसला नाही.

नाकाडोंगरीच्या पुढं

नाकाडोंगरीला खाणीतल्या मित्रांनी सिस्टरची शेवटची तपासणी केली, हार घातला, आणि आम्ही मध्य प्रदेशात शिरलो. सिवनीच्या घाटात फॅनबेल्ट तुटला. स्पेअर बेल्ट होता, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा निघाला. दुकानदारानं दिला आणि ह्यांनी न मोजता घेतला. माझ्या वर्गात नवी मुलगी आली तरी आधी माप घ्यायला शिकते. हे मी त्या घाटात मोठ्यानं बोलून दाखवलं आणि फार बरं वाटलं.

मग मीच गाठोडं सोडलं. खाटेच्या नवारीची पट्टी होती. ती दुहेरी करून, दोऱ्याला मेण लावून, जोड तिरका घेऊन हातानं टाचली. यशोदा पट्टी ताणून धरत होती आणि देवाजी "बाई, टाका बारीक घे, बाई, टाका बारीक घे" म्हणत होता. शेवटी मी त्याला सुई दाखवली तेव्हा गप्प बसला. त्या पट्टीवर सिस्टर पुढच्या गावापर्यंत गेली. त्यानंतर ह्यांनी गाडीतली कोणतीही वस्तू मला विचारल्याशिवाय फेकली नाही.

रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकली. एक ट्यूब तर इतक्या वेळा जोडली की जोडच जास्त आणि ट्यूब कमी. पण लोकांना काय ठाऊक? त्यांना ती पुसट लाल फुली दिसायची. एका नाक्यावर शिपायानं आमच्यासाठी बैलगाड्या बाजूला काढल्या. एका गावात तर तापानं फणफणलेल्या माणसाला चौघांनी आणून सरळ माझ्या फळीवर निजवलं. नाही कसं म्हणणार? पुढच्या दवाखान्यात पोचवला. तो वाटभर "सिस्टर, पानी" म्हणत होता आणि यशोदा त्याला पाजत होती.

रोजचा आमचा स्वयंपाक म्हणजे भात. भरपूर पाण्यात शिजवायचा, पसवायचा, निथळलेली पेज मीठ टाकून प्यायची. सकाळी रस्त्याच्या कडेच्या विहिरीवर सगळ्यांच्या आंघोळी, मग कपडे, मग सिस्टरची आंघोळ. देवाजी तिच्यावर बादल्या ओतताना म्हशी धुताना गातो तसं काहीतरी गुणगुणायचा. जोधपूर गेलं, विहिरी खोल झाल्या, मग दूर दूर झाल्या. सिस्टरची आंघोळ बंद झाली. मग आमच्या आंघोळी एका तांब्यावर आल्या. पेज मात्र आम्ही सोडली नाही.

रेती

वाळवंट मला पहिल्या दिवशी आवडलं नाही, हे सांगून टाकते. आमच्याकडं नजर गेली की कुठंतरी अडते. झाड असतं, पाळ असते, धानाची बांधी असते, तलाव असतो. इथं नजर जायची ती जातच राहायची. यशोदा तर सिस्टरमधून उतरायलाच तयार नव्हती. देवाजी मात्र टपावर बसून पाहत होता. मध्येच वाकून म्हणायचा, "बाई, ते पाह्य, पानी!" ते पाणी नसायचंच. जन्मभर पाण्यात उभ्या राहिलेल्या मासेमाराला मृगजळ पाहावं लागतं आहे, याचं मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

माणसं भेटली की मात्र जीव रमायचा. एका ढाणीत, म्हणजे शेतातल्या चारदोन झोपड्यांच्या वस्तीत, बायकांनी आम्हाला बाजरीचा सोगरा, म्हणजे भाकर, आणि ताक दिलं. आम्ही रोज दोन वेळा भात खातो म्हटल्यावर त्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, "रोज ब्याव?" त्यांच्याकडं भात लग्नातच. भांडी त्या कोरड्या रेतीनं घासत होत्या आणि ती आमच्या धुतलेल्या भांड्यांपेक्षा लख्ख होती. एक म्हातारा खाटेवर बसून आंघोळ करत होता. खाटेखाली परात होती, आणि परातीतलं पाणी नंतर उंट प्याला. देवाजी ते उभा राहून बघत बसला. त्या दिवशी यशोदेनं पेज रस्त्यावर सांडली तर पहिल्यांदाच तो तिच्यावर खेकसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावाच्या अलीकडं रस्त्यातल्या दगडावर सिस्टर आपटली. हे खाली वाकून पाहून आले. इंजिनाच्या बुडाशी तेलाची पेटी असते, तिला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. तो तडकला होता आणि काळं तेल गळत होतं. "खोलावा लागन," हे म्हणाले. "पन या रेतीत नाही. एक कन आत गेला त इंजिन गेलं."

आगोर

थोडं पुढं खेजडीची झाडं दिसली आणि झाडांत पाणी दिसलं. खरंखुरं पाणी, लहानसा तलाव. देवाजीनं टपावरून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं पडलाच. तलावाच्या वरच्या बाजूला लांबच लांब उतरती जमीन होती. घट्ट, स्वच्छ, झाडून ठेवल्यासारखी. काडी नाही, शेण नाही, रेतीचा ठिपका नाही. आमच्याकडं गाडी बिघडली की तलावाच्या पाळीजवळच लावतात. पाणी हाताशी, सावली हाताशी, हातपाय धुवायची सोय. ह्यांनी सिस्टर सरळ त्या उतारावर घातली.

आणि मग आम्ही आमच्या गावात जे केलं असतं तेच केलं. हे गाडीखाली शिरले. देवाजीनं इंजिनाखाली फावड्यानं एक खड्डा खणला आणि त्यात जुनं तेल सोडलं. वर माती लोटली की झालं. तुमसरच्या प्रत्येक गॅरेजात असंच करतात. यशोदा मळक्या कपड्यांचा ढीग घेऊन पाण्याकडं निघाली. मी स्टोव्ह पेटवत होते.

तेवढ्यात एक बाई आमच्याकडं धावत येताना दिसली. म्हातारी, काळी ओढणी, हातात जोडे. पायात नव्हे, हातात. "पगरखी खोलो!" ती ओरडत होती. "खोलो! आगोर है ये, आगोर!" आम्हाला काही कळेना. चप्पल काढा म्हणते, म्हणजे देऊळ असेल म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. ती जवळ आली, तिनं तो खड्डा पाहिला, त्यातलं काळं तेल पाहिलं, आणि होती तिथंच खाली बसली.

तिचं नाव हस्तू. सगळे तिला हस्तू मा म्हणत. तिच्या हिंदीतून आम्हाला हळूहळू उमगलं ते असं: हा सगळा उतार म्हणजे आगोर. पाऊस या जमिनीवर पडतो आणि वाहत खालच्या तलावात, त्यांच्या नाडीत, जातो. गाव वर्षभर तेच पितं. म्हणून आगोरात कोणी जोडे घालून येत नाही, जनावर येत नाही, थुंकत नाही. तिचा नवरा या आगोराची राखण करायचा. तो वारल्यावर तिनं ते काम मागून घेतलं. "बाई माणूस काय राखण करणार?" म्हणणारे गावात होतेच. आणि आज ती आजारी बहिणीकडं एका दिवसासाठी गेली होती, परत येताना तिला सिस्टर दिसली.

"गांव मेरे को पूछेगा," ती म्हणाली. "मैं क्या बोलूं?"

मग तिनं आकाशाकडं बोट केलं. पश्चिमेला राखाडी ढग जमत होते. थंडीतला पाऊस तिथं कधीकधी येतो, मावठ म्हणतात त्याला. एरवी त्याची वाट पाहतात. आता तो आला तर खड्ड्यातलं तेल धुऊन सरळ गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाणार होतं.

यशोदा पाण्यापर्यंत पोचली नव्हती, तेवढंच देवाचं देणं. ती कपडे छातीशी धरून परत आली. ह्यांचा चेहरा तेलानं काळा झालेला होता, तो खाली गेला. पण देवाजीचं मला पाहवेना. त्याच्या तलावात एकदा कोणाच्या डिझेल पंपाचं तेल सांडलं होतं. महिनाभर त्यानं मेलेल्या मासोळ्या वेचल्या होत्या. तेल पाण्यावर कसं पसरतं हे आमच्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. "बाई," तो मला म्हणाला, "मी पानी नसलेला मुलुक पाहाले आलो, अन् त्याईचं होतं तेवढं पानी नासवाले बसलो." त्यानं आपल्या चपला उचलल्या आणि दूर फेकल्या. मग हस्तू मापुढं उकिडवा बसला आणि आपल्या झाडीपट्टीतल्या हिंदीत म्हणाला, "मा, पानी में तेल नहीं जानेका. हम है ना. नहीं जानेका."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. विश्वास ठेवला असं नाही वाटलं मला. पण उठली.

आधी सिस्टरला आगोराबाहेर काढायचं होतं. चेंबर उघडा, इंजिनातून थेंब गळताहेत आणि गाडी चालू करता येत नाही. मी तांदूळ गाद्यांच्या खोळीत ओतला, रिकामं पोतं घेतलं, त्यात भांडी घासायची राख आणि जुन्या चिंध्या भरल्या आणि दोन्ही बाजूंनी नवार टाचून इंजिनाखाली घट्ट बांधून टाकलं. सिस्टरला लंगोट घातला म्हणा ना. यशोदा एवढ्या संकटातही तोंडाला पदर लावून हसली आणि मग हस्तू माही हसली. गावातून माणसं आली, एक उंट आला. त्यांतल्या काहींच्या तोंडावर राग स्पष्ट होता, आणि एक जण हस्तू माला आमच्या देखत तडातडा बोलला. ती मान खाली घालून ऐकत होती. मला फार लाज वाटली. चूक आमची, आणि ऐकून ती घेत होती. पण बोलून झाल्यावर तोही अनवाणी होऊन सिस्टरला हात लावायला आला. सगळ्यांनी ढकलत तिला वर रस्त्यावर नेलं.

मग माती. खड्ड्यातली तेलकट माती यशोदा आणि मी खरडून काढायला लागलो. बांधीतली माती काढायची सवय आम्हा करडीच्या पोरींना लहानपणापासून. उकिडवं बसायचं, पाटी भरायची, डोक्यावर द्यायची. गावातल्या बायका रांगेत आल्या. माती उंटगाडीवर चढून दूर टेकाडापलीकडं गेली. पण थांबायचं कुठं? तेल खाली किती मुरलंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं. देवाजीनं आमची स्टीलची ताटली घेतली, तीत पाणी घेतलं, खड्ड्याच्या बुडातली चिमूटभर माती टाकली आणि उन्हात धरली. पाण्यावर रंगांची जाळी पसरली. "आनखीन," तो म्हणाला. आम्ही आणखी खरडलं. पुन्हा ताटली, पुन्हा रंग. प्रत्येक ताटलीला पाणी लागायचं आणि ते आम्ही आमच्याच डब्यातलं घेत होतो. नाडीच्या पाण्याला हात लावायची आमची छाती झाली नाही.

सिस्टर आली त्या वाटेवर थेंब सांडत आली होती. तेही सोडून चालणार नव्हतं. बायका उलथनी, पळ्या घेऊन ओळीनं बसल्या आणि थेंब शोधत गुडघ्यांवर पुढं सरकल्या. माझ्या शेजारी बसलेली सून मला तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती. मी माझ्या भाषेत तिला माझ्या शिवणवर्गातल्या पोरींचं सांगत होते. आम्हाला दोघींना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हे चेंबर पोत्यात घालून बसनं जवळच्या शहरात वेल्डिंगला गेले. आम्ही ताटल्या पाहत राहिलो. दुपार कलताना ताटलीतलं पाणी स्वच्छ राहिलं, तेव्हा आमच्या शेवटच्या डब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. टेकाडावरून आणलेली चिकण माती खड्ड्यात भरली आणि सगळ्यांनी अनवाणी पायांनी ती तुडवून घट्ट केली. यशोदेचे पाय आपोआप धानाच्या रोवणीच्या तालात पडायला लागले. हस्तू मानं तिच्याकडं पाहून आपले पाय त्याच तालात टाकले.

मावठ

देवाजीचं मन मात्र मानेना. "ताटलीनं चिमूट दिसते, बाई. सारं आगोर नाही दिसत." ढग आता डोक्यावर आले होते. तो सिस्टरमध्ये चढला, छताचं जाळं ओढून काढलं. कांदे, बटाटे, माझे ब्लाऊज सगळे फळीवर सांडले. "गादी फाड," मला म्हणाला.

"कोणती?"

"कोनतीबी. कापूस पाहिजे."

मी माझीच फाडली. ह्यांनी परत आल्यावर विचारलं, हे काय? म्हटलं, माप न घेता आणलेल्या बेल्टपेक्षा बरंच आहे.

पाणी आगोरावरून जिथं अरुंद होऊन नाडीत उतरायचं, तिथं देवाजीनं जाळं आडवं लावलं. जाळं दुहेरी केलं, आत जुना कापूस भरला, आणि मी मोठमोठे टाके घालून तो बसवला. पाणी खालून जाईल आणि वर तरंगणारं तेल कापूस धरून ठेवेल, असा त्याचा हिशेब. गावातल्या लोकांनी असलं काही पाहिलं नव्हतं. एक म्हातारा विचारत होता, "मच्छी पकडोगे?" देवाजी म्हणाला, "हो बाप्पा, काली मच्छी."

पाऊस सकाळी आला. आमच्यासारखा धो धो नाही, पण जमीन इतकी घट्ट की पडलेला थेंब जिरतच नव्हता, सरळ चालायला लागायचा. सगळ्या उतारावरून पाण्याच्या बारीक दोऱ्या निघाल्या आणि खाली येऊन एक झाल्या. सगळं गाव कडेला अनवाणी उभं होतं. देवाजी जाळ्यापाशी पाण्यात उतरला. थंडी इतकी की आम्हाला काठावर कापरं भरलं होतं, आणि तो दोन्ही हातांनी जाळ्याची वरची कड धरून उभा राहिला. कापूस भिजून सरकायला लागला की पायानं दाबायचा, हातानं सारखा करायचा. ह्यांनी म्हटलं, "देवा, मी उभा राहतो, तू ये." त्यानं मानच वळवली नाही. मला त्या वेळी आठवलं, तो म्हणाला होता की जन्मल्यापासून आपण पाण्यातच उभे आहोत.

पाऊस थांबला, ओघ बारीक झाला. देवाजीनं जाळं उचलून उलटं केलं. कापूस मातीनं पिवळा झाला होता, आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढा काळा डाग होता. म्हणजे राहिलंच होतं कुठंतरी. डाग पाहायला सगळे वाकले आणि मग सगळ्यांनी एकदम नाडीकडं पाहिलं.

हस्तू मा लोटा घेऊन खाली उतरली. जाळ्याच्या खालच्या अंगाचं, नवं आलेलं पाणी तिनं ओढणीतून गाळून घेतलं. उन्हाकडं धरून पाहिलं. वास घेतला. मग प्याली. पहिल्या दिवशी तिला बोललेला माणूस पुढं आला, त्याच्याकडं तिनं लोटा दिला. तो प्याला आणि म्हणाला, "मीठो है." मग तो तिला हात जोडून काहीतरी म्हणाला. ते मला कळलं नाही, पण हस्तू माची मान वर झाली.

तिसरा लोटा तिनं देवाजीला दिला. त्याचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. पिताना पाणी गळ्यावर सांडायला लागलं तर त्यानं दुसरा हात हनुवटीखाली धरला आणि ते थेंबही पिऊन टाकले. नंतर तो आम्हा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. यशोदेनं त्याला आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसलं.

चेंबर बसला, नवं तेल भरलं, ते रस्त्यावर, खाली ताडपत्री घालून. आमचे रिकामे डबे हस्तू मानं स्वतः भरून आणले. आम्ही नको नको म्हणत होतो. निघताना देवाजी जाळं सोडायला गेला, धुतलं, घडी घातली, आणि घडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. आगोराच्या वरून रस्ता जात होता. आज आमची सिस्टर आली, उद्या कोणाचा ट्रक येईल. त्यानं जाळं हस्तू माच्या हातात दिलं, कापूस कसा भरायचा ते पुन्हा दाखवलं. गाडीत येऊन बसल्यावर मात्र म्हणाला, "बाई, माह्या बाले काय सांगू?"

पुन्हा करडी

परतीच्या वाटेवर ह्यांनी एकच पाढा लावला होता, की तुमसरला पोचलो की पहिलं काम या गाडीला भंगारात घालणार. वाटेत दोनदा टायर फुटला, तेव्हा मीही होकार दिला. कांदे पोत्यात लोळत होते. मी बिनागादीच्या फळीवर झोपत होते.

करडीत शिरलो तर अर्धं गाव गोळा झालं. "आनली का रेती?" "प्रसाद कुठी आहे?" गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. गणपतबुवा कोणाशी न बोलता सिस्टरच्या मागच्या दाराशी गेले, आत डोकावले. छताचे चार खिळे रिकामे होते.

"जाळं कुठी आहे?"

"तिकडंच ठेवलं, बा," देवाजी म्हणाला. "कामाले लावून आलो."

गर्दी हसली. म्हातारा हसला नाही. तो पाळीवर जाऊन बसला, आणि देवाजीनं त्याच्यापुढं उभं राहून सगळं सांगितलं. खड्डा, आगोर, ताटली, कापूस, काळा डाग, हस्तू मा. मध्येच थांबला तर म्हातारा "मंग?" म्हणायचा. बापाच्या शिव्या खायची देवाजीची पूर्ण तयारी झालेली मला दिसत होती.

"कापूस सरकत होता म्हनतोस?" त्यानं शेवटी विचारलं.

"हो बा. पायानं दाबून धरला."

"सरकनारच." म्हातारा एकदम भडकला. "मोठ्या मासोळीचं जाळं होतं ते. त्याचे भोकं केवढे! प्याच्या पान्याले असं जाळं देऊन आला? लाज नाही वाटली तुले?"

मग तो घरात गेला आणि सुताचं गुंडाळं आणि विणायची लाकडी सुई घेऊन पाळीवर परत आला. सुताचं टोक त्यानं दातात धरलं. आम्ही चौघं बघत उभे होतो.

"जवाईबापू," तो ह्यांना म्हणाला, "थे गाडी पुढच्या पौषात तिकडं जाईन नं?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग सिस्टरकडं पाहिलं. ती चिखलानं माखलेली, एका अंगाला कललेली, लाल फुली दाखवत उभी होती.

"चेंबर नवा टाकावा लागन," हे म्हणाले.

"टाका मंग," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं पहिली गाठ मारली.